निर्गुडीचा गंध : घटक, पारख आणि नोंद

पालि विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर त्याच्या आचार्यांनी त्याच्या हाती खणते दिले आणि सांगितले, "तक्षशिलेच्या चहूबाजूंस एक योजनपर्यंत फिर आणि औषधी नसलेली वनस्पती दिसेल ती घेऊन ये." जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परतला. आचार्यांनी त्याचे अध्ययन पूर्ण झाल्याचे जाहीर केले. वर्गात ही कथा सांगितली की मुले हसतात. रिकाम्या हाताने परतून परीक्षा उत्तीर्ण होण्याची कल्पना त्यांना फार आवडते.

या कथेतून पुष्कळ लोक एक घाईचे अनुमान काढतात : प्रत्येक झाडपाला औषध आहे, म्हणून कोणताही पाला कोणत्याही रोगावर चालतो. कथेत तसे कोठेही म्हटलेले नाही. जीवक योजनभर चालला, त्याने एकेक झाड पाहिले आणि त्याचा गुण ओळखला. कथेतील परीक्षा या पारखीची आहे. आपल्या पेण-रोहा परिसरातील प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेल्या एका झुडपाची अशी पारख कशी करता येईल, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. ते झुडूप म्हणजे निर्गुडी.

बांधावरचे झुडूप

निर्गुडी ओळखणे कठीण नाही. एका देठावर तीन किंवा पाच लांबट पर्णिका, वरची बाजू हिरवी, खालची राखाडी-पांढुरकी, आणि टोकाला निळसर-जांभळ्या लहान फुलांचे तुरे. ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर, वाडीच्या कुंपणाला ती आपोआप वाढते. गुरे व शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला ती सोयीची. शास्त्रीय नाव व्हायटेक्स नेगुंडो. पूर्वी सागाबरोबर एका कुलात गणली जाणारी ही वनस्पती आता तुळशीच्या कुलात धरली जाते, आणि सागही तिच्याबरोबर त्याच कुलात आला आहे.

आपल्या घरांत तिचे उपयोग पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. अंग दुखत असेल तर पाला उकळून त्या पाण्याचा शेक, बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात पाला, डासांसाठी धुरी, धान्याच्या कणगीत किडीपासून राखण म्हणून वाळलेली पाने. यांतील शेवटचे दोन उपयोग विशेष लक्षात घ्यावेत. धुरी आणि कणगी यांत पाला कोणी खात नाही, लावत नाही. तेथे काम करतो तो गंध. मग हा गंध म्हणजे नेमके काय?

गंध हाही पदार्थच

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे 'रसायन' या शब्दाला आपल्याकडे एक विशिष्ट अर्थ चिकटला आहे. रसायन म्हणजे कारखान्याचा उग्र दर्प, रसायन म्हणजे विषारी. आणि झाडपाला म्हणजे रसायनविरहित, निर्मळ. विद्यार्थी निबंधांत हे वाक्य हमखास लिहितात आणि मी ते दरवर्षी खोडतो. निर्गुडीचे पान चुरगळल्यावर नाकाला जे जाणवते तेही रसायनच आहे. पानांच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांत वनस्पती काही पदार्थ तयार करून साठवते. पान चुरगळले की ग्रंथी फुटतात, त्या पदार्थांचे रेणू हवेत उडतात आणि आपल्या नाकापर्यंत येतात. वनस्पती हा खटाटोप बहुधा स्वतःच्या संरक्षणासाठी करते. पान कुरतडणाऱ्या किड्याला हे पदार्थ नकोसे असतात. कणगीत पाला ठेवणाऱ्या आजीने वनस्पतीचे हेच शस्त्र आपल्या धान्यासाठी वापरले.

या उडून जाणाऱ्या पदार्थांच्या मिश्रणास 'बाष्पनशील तेल' म्हणतात. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल कागदावर पडले तर डाग कायम राहतो. बाष्पनशील तेलाचा डाग काही वेळाने उडून जातो. दुकानात 'निर्गुडी तेल' म्हणून मिळते ते बहुतेक वेळा निर्गुडीच्या रसात उकळून सिद्ध केलेले तिळाचे तेल असते. ते आणि येथे वर्णिलेले तेल या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

तेल वेगळे कसे काढतात

हे तेल काढण्याची जुनी व आजही रूढ रीत म्हणजे ऊर्ध्वपातन. पाला पाण्यात घालून उकळायचा, निघणारी वाफ थंड नळीतून न्यायची, आणि वाफेचे पुन्हा पाणी झाले की त्यावर तरंगणारे तेल अलग करायचे. येथे विद्यार्थी एक चांगला प्रश्न विचारतात. निर्गुडीच्या तेलातील अल्फा-पाइनीन हा घटक सुमारे १५६ अंश सेल्सिअसला उकळतो, काही घटक तर २५० अंशांच्याही पुढे. मग १०० अंशांच्या पाण्याबरोबर ते वर कसे येतात? उत्तर असे की, एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापविले, तर दोघांच्या बाष्पदाबांची बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी होताच ते एकत्र उकळू लागतात. म्हणून तेल पाण्याच्या आधाराने १०० अंशांच्या किंचित खालीच वाफेत येते आणि न जळता बाहेर पडते.

प्रयोगशाळेत यासाठी काचेचे एक उपकरण वापरतात. १९२८ मध्ये ते सुचविणाऱ्या क्लेव्हेंजर यांच्या नावानेच ते ओळखले जाते. त्यात तेल एका बारीक, खुणा केलेल्या नळीत जमा होते व किती निघाले ते तेथेच मोजता येते. निर्गुडीच्या पानांतून निघणारे तेल वजनाच्या एक टक्क्याहून बरेच कमी असते. म्हणजे शंभर ग्रॅम पाल्यामागे काही थेंब.

काही वर्षांपूर्वी आमच्या विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली नववीच्या मुलांनी प्रेशर कुकर, रबरी नळी आणि थंड पाण्याची बादली एवढ्या साहित्यावर हा प्रयोग केला. हाती आले ते गढूळसर सुगंधी पाणी आणि त्यावर तेलाचा पुसटसा तवंग. मुले हिरमुसली. परंतु किलोभर पाल्यामागे तवंगच मिळतो, हे कळणे हाच त्या दिवसाचा धडा होता.

तेलात काय सापडते

निघालेले तेल एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण असते. ते वेगळे करण्यासाठी वायू-वर्णलेखन ही पद्धत वापरतात. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी ती प्रथम सिद्ध केली. तेलाचा अतिसूक्ष्म अंश वाफेच्या रूपात एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. नळीच्या आतील लेपाला काही घटक अधिक चिकटतात, काही कमी. त्यामुळे जत्रेतील गर्दी अरुंद पुलावरून एकेक करून पार व्हावी तसे घटक वेगवेगळ्या वेळी दुसऱ्या टोकाला पोहोचतात. तेथे जोडलेला वस्तुमान-वर्णपटमापक प्रत्येक रेणू फोडून त्याच्या तुकड्यांची वजने नोंदवितो. पोहोचण्याची वेळ आणि तुकड्यांची वजने या दोन खुणा जुळल्या की घटकाचे नाव निश्चित करता येते.

निर्गुडीच्या पानांच्या तेलात वारंवार आढळलेले प्रमुख घटक असे :

सॅबिनीन आणि अल्फा-पाइनीन. दोन्हींच्या रेणूत कार्बनचे १० व हायड्रोजनचे १६ अणू असतात. मांडणी मात्र भिन्न, म्हणून गंधही भिन्न. सॅबिनीन काळ्या मिरीत व जायफळातही असते.

सिनिओल. कार्बन १०, हायड्रोजन १८, ऑक्सिजन १. निलगिरीच्या तेलाचा हाच मुख्य घटक. सर्दीत नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते याच्यामुळे.

टर्पिनेन-४-ऑल. अणूंची संख्या सिनिओलइतकीच. ऑस्ट्रेलियातील टी-ट्री तेलाचा प्रमुख घटक म्हणून तो प्रसिद्ध आहे.

बीटा-कॅरिओफायलीन. कार्बन १५, हायड्रोजन २४. लवंग व मिरीतही असणारा जड घटक.

व्हिरिडिफ्लोरॉल. १५ कार्बनचे अल्कोहोल. सर्वांत सावकाश उडणाऱ्यांपैकी एक.

येथे १० आणि १५ या संख्यांकडे लक्ष द्यावे. हे घटक निसर्गात पाच कार्बनच्या एकाच साच्याच्या जोडणीतून तयार होतात : दोन साचे जोडले की दहा, तीन जोडले की पंधरा. या कुलातील पदार्थांस टर्पीन म्हणतात. त्यांची गुंतागुंत सोडविणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांना १९१० चा नोबेल पुरस्कार मिळाला. बांधावरचे झुडूप आणि नोबेलविजेत्याचे संशोधन यांत अंतर वाटते तेवढे नाही.

एकच झाड, निरनिराळे तेल

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा वगळला जातो. निर्गुडीच्या तेलाचे विश्लेषण अनेक ठिकाणी झाले आहे आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. कोठे सॅबिनीन पहिल्या क्रमांकावर, कोठे बीटा-कॅरिओफायलीन, तर कोठे व्हिरिडिफ्लोरॉल. मग खरे कोणते? बहुधा सर्वच. माती, पाऊस, ऋतू, झाडाचे वय, पान कोवळे की जून, ताजे की वाळलेले, ऊर्ध्वपातन किती वेळ चालले, या सर्वांवर घटकांचे प्रमाण बदलते. सावलीत वाळविलेल्या पानांतून हलके घटक आधी उडून जातात, जड मागे राहतात. फुलांचे व पानांचे तेलही सारखे नसते. म्हणून 'निर्गुडीत अमुक घटक इतके टक्के असतो' हे वाक्य ठिकाण, महिना व झाडाचा भाग सांगितल्याशिवाय अपुरे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे लगेच पटेल. तारीख व ठिकाण नसलेल्या कागदावरून आपण घटना सिद्ध करीत नाही.

आमच्या कुकरच्या प्रयोगानंतर एका विद्यार्थिनीची आई तिला भेटायला वसतिगृहावर आली होती. ती कातकरी वाडीवरची. तवंगाची हकिगत ऐकून ती म्हणाली, "गुरुजी, पावसातला पाला फिका असतो. दिवाली झाल्यावर, दोन दिस ऊन खाल्लेला घ्या." आम्ही पुढच्या खेपेस तसे केले. वास अधिक तीव्र वाटला. नाकाचा निर्वाळा पुरावा होत नाही, हे मी मुलांना बजावले. परंतु त्या माउलीने सांगितले ते एक तपासण्याजोगे विधान होते : ऋतूनुसार तेल बदलते. प्रयोगशाळा हीच गोष्ट आकड्यांत सांगते.

गंध म्हणजे सर्व रोगांवर उतारा नव्हे

परीक्षानळीत यांतील काही घटकांनी काही जिवाणू व बुरशी यांची वाढ रोखल्याचे दिसले आहे. डास व धान्यकीड यांवरही निर्गुडीच्या तेलाचे प्रयोग झाले आहेत. परंतु परीक्षानळी म्हणजे माणसाचे शरीर नव्हे. शिवाय पानातील सर्व गुण तेलात येत नाहीत. कॅस्टिसिनसारखे न उडणारे घटक पानातच राहतात. म्हणून काढा, लेप, धुरी व तेल यांचे परिणाम एक मानता येत नाहीत. नैसर्गिक म्हणून निर्धोक, हाही समज चुकीचा आहे. निलगिरीचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना विषबाधा होते. आणि त्यातील सिनिओल निर्गुडीतही आहे.

हे मी केवळ पुस्तकावरून लिहीत नाही. माझ्या लहानपणी रोहा तालुक्यातील आमच्या गावी भातकापणीच्या दिवसांत माझ्या आत्याला साप चावला. जखमेवर निर्गुडीचा पाला ठेचून बांधला, मांत्रिक बसला, आणि रात्र गेली. सकाळी बैलगाडी दवाखान्याच्या वाटेला लागली तेव्हा उशीर झाला होता. पुढे कितीतरी वर्षे निर्गुडीचा वास आला की मला राग येत असे. आता तो येत नाही. पाला खोटा नव्हता. त्याच्याकडे जे मागितले ते त्याच्यापाशी नव्हते. सापाचे विष म्हणजे रक्तात व मज्जासंस्थेत काम करणारी प्रथिने. त्यांवर उतारा प्रतिविषाचाच. ते घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार करतात आणि मुंबईच्या परळ येथील हाफकिनचे नाव त्यासाठी आपल्याकडे सर्वपरिचित आहे. दंशानंतरची प्रत्येक मिनिट दवाखान्याच्या दिशेने गेली पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण येथे आठवावे. महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत असताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीचा उपयोग पुढे आला. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोकणातील लहान गावातही शास्त्र घडते. त्यासाठी लागते ती पाहण्याची शिस्त आणि लिहून ठेवण्याची सवय.

सांगणाऱ्याचे नाव

आता इतिहासाकडे वळू. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादग्रंथात निर्गुडीची चर्चा 'नेगुंडो' या नावाने आली आहे. पुढे १७५३ मध्ये लिनिअसने वनस्पतीच्या शास्त्रीय नावात तोच शब्द घेतला. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत आज जे लॅटिन नाव लिहिले जाते, त्यात आपल्या निर्गुंडीचाच उच्चार दडला आहे. शब्द राहिला, तो उच्चारून झाड दाखविणाऱ्याचे नाव मात्र जगाला ठाऊक नाही.

याला एक ठळक अपवाद आहे. डच अधिकारी व्हान रीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध केला. त्यात इट्टी अच्युतन या एळवा समाजातील वैद्यांचे स्वतःच्या भाषेतील निवेदन नावासह छापले आहे. आपल्या घराण्यातील हस्तलिखितांतून व अनुभवातून आपण ही माहिती सांगितली, असे त्यांनी त्यात नोंदविले. ज्या समाजाला मंदिराभोवतीच्या रस्त्यावर चालण्याचीही बंदी होती, आणि ती उठविण्यासाठी १९२४ मध्ये वैकमचा सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील एका वैद्याचे ज्ञान अडीचशे वर्षे आधी युरोपातील ग्रंथालयांत सन्मानाने पोहोचले होते. ते लिहिले गेले म्हणून आज आपण ते सांगू शकतो.

आपल्या परिसरातील कातकरी बांधवांचे नावच एका रासायनिक उद्योगावरून पडले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, काढा आटवून, थंड करून काथ पाडणारे ते काथकरी. पाण्यात विरघळणारा घटक लाकडातून ओढून घेणे आणि आटवून घट्ट करणे, याला आजच्या भाषेत निष्कर्षण म्हणतात. १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलावरील त्यांचा वावर आवळत गेला, उद्योग हातचा सुटला, आणि ज्यांच्या नावात विद्या होती त्यांनाच अडाणी म्हटले जाऊ लागले.

नोंदीला किती मोल असते, हे हळदीच्या लढाईने दाखविले. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या प्रत्येक घरातील आई हे जाणत होती. परंतु तेथे ग्राह्य धरले गेले ते छापील पुरावे, त्यांत १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. हळदीचा पुरावा ग्रंथांत होता. जे ज्ञान केवळ वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, त्याचा पुरावा कोठे सापडणार?

विद्यार्थ्यांसाठी एक काम

२००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. आपल्या शाळेत पेण-रोहा परिसरातील अनेक वाड्या-वस्त्यांवरून मुले-मुली येतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने एका वनस्पतीची नोंद करून आणावी, अशी माझी सूचना आहे. रकाने असे असावेत : वनस्पतीचे घरातील नाव, ठिकाण, तारीख, कोणता भाग, ताजा की वाळलेला, कशासाठी व कसा वापरतात, वापरणाऱ्याने काय पाहिले, आणि सांगणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव, त्यांची संमती घेऊन. शेवटी एक रकाना मुद्दाम ठेवावा : हे कसे तपासता येईल?

कालामांना तथागतांनी सांगितले होते की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. स्वतः जाणून घ्या. हा शेवटचा रकाना त्या उपदेशाला धरून आहे. त्याआधीचा, सांगणाऱ्याच्या नावाचा रकाना, ज्यांचे शब्द कोणी लिहून घेतले नाहीत त्यांच्यासाठी आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे आपल्या हाती लेखणी आली. तिचा पहिला उपयोग आपल्या आजीचे म्हणणे नीट लिहून घेण्यासाठी आणि दुसरा ते निर्भयपणे तपासण्यासाठी झाला पाहिजे.

निर्गुडीचे पान मी स्वतः नोंदविले आहे. त्या पानावर 'दिवाळीनंतरचा, दोन दिवस ऊन खाल्लेला पाला' असे लिहून, त्यापुढे त्या विद्यार्थिनीच्या आईचे नाव तिला विचारून घातले आहे. तपासणीचा रकाना अजून रिकामा आहे. पुढे रसायनशास्त्र शिकून येणाऱ्या आपल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने तो भरावा.